१२ व्होल्टच्या ब्रशलेस पाणीपंपाचा वेग कमी करायचाय – पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला की पंप अडखळतोय

खानापूर_नर्सरी
नमस्कार मंडळी. पालेभाज्यांसाठी एनएफटीचे (मातीशिवाय, मुळांवरून खतपाण्याचा पातळ थर वाहता ठेवायची पद्धत) सहा चॅनेल आहेत. पंप लहान ब्रशलेस, लाल-काळ्या अशा दोनच वायरी. लेबलवर १२ व्होल्ट, १.२ अँपिअर, ताशी ८०० लिटर, कमाल उंची ५ मीटर असं लिहिलंय. टाकीतल्या पाण्यापासून चॅनेलच्या वरच्या तोंडापर्यंत १.६ मीटर चढ. रोपं लहान आहेत तोवर चॅनेलला मिनिटाला १ लिटर पुरे, म्हणजे सगळे मिळून ६ लिटर.

पावसाळ्यात आमच्याकडं लाईटचा भरवसा नसतो. ४२ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर पंप रात्रंदिवस चालायला पाहिजे, म्हणून वेग कमी करायचाय. बाजारातला पीडब्ल्यूएम (पुरवठा झपाझप चालू-बंद करून वेग कमी करणारा) मोटर कंट्रोलर मध्ये घातला, तर नॉब अर्ध्यावर आणला की पंप थरथरतो, थांबतो, परत सुरू होतो. कंट्रोलर बिघडलाय की पंप?

सर्किट_अक्का
दोन्ही बरे आहेत, पण त्यांची जोडी जमत नाही.

तो कंट्रोलर ब्रशच्या मोटरसाठी आहे. ब्रशच्या मोटरला पुरवठा तोडून-तोडून दिला तरी चालतं, कारण आत कॉइल आणि कम्युटेटर सोडून काही नसतं. तुमच्या पंपात दोन वायरींच्या मागं अख्खा ड्रायव्हर बसलाय: रोटर कुठं आहे ते ओळखणारा हॉल सेन्सर, ड्रायव्हर आयसी आणि इनपुटला एक कपॅसिटर, सगळं इपॉक्सीत ओतलेलं. मोटरच्या फेजना कधी वीज द्यायची ते हा आयसी ठरवतो. पुरवठाच सेकंदाला शेकडो वेळा तोडला तर आयसी दर वेळी बंद पडून नव्यानं सुरू व्हायला बघतो. तुम्हाला दिसतंय ते थरथरणं हेच.

फ्रिक्वेन्सी वाढवली तरी सुटका नाही. मग आतला कपॅसिटर दर पल्सला झटक्यानं भरतो आणि पल्स संपली की रिकामा होत राहतो. हा झटक्याचा करंट त्या लहान कपॅसिटरला आणि कंट्रोलरच्या मॉसफेटला (पुरवठा चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), दोघांनाही गरम करतो. पंप काही दिवस चाललाय असं वाटतं, मग एक दिवस गप्प होतो, आणि इपॉक्सी असल्यामुळं दुरुस्तीही होत नाही.

दोन वायरीच्या पंपाला सरळ, सपाट डीसीच द्यायचा आणि त्याचा व्होल्टेज कमी-जास्त करायचा. त्यासाठी बक कन्व्हर्टर (डीसीचा व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल) लागतो.

चिकोडी_सोलर
अक्का म्हणतात ते बरोबर. फक्त बक घ्यायच्या आधी एक चाचणी करा, कारण काही पंपांत ड्रायव्हर स्वतःच वेग धरून ठेवतो. बेंच सप्लायवर पंप पाण्यात चालवा आणि १२, १०.५ आणि ९ व्होल्टला करंट लिहून घ्या. व्होल्टेज उतरवल्यावर करंटही उतरला तर वेग व्होल्टेजवर चालतो, काम होईल. व्होल्टेज उतरवल्यावर करंट चढत गेला तर आत रेग्युलेशन आहे, असा पंप बकला दाद देत नाही. विशेषतः "१२ ते २४ व्होल्ट" लिहिलेल्यांत हे बघा.

खानापूर_नर्सरी
केलं. १२ व्होल्टला १.१५, १०.५ ला ०.९, ९ ला ०.६८ अँपिअर.

चिकोडी_सोलर
मग उत्तम. वेग साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात उतरतोय, करंटही त्याला धरून आहे.

आता ९ व्होल्टच्या खाली किती जायचं, हा खरा प्रश्न. मोटर ६ व्होल्टलाही फिरेल, पण पाणी वर चढणार नाही. सेंट्रिफ्युगल पंपात प्रवाह वेगाच्या प्रमाणात, चढवायची उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. तुमच्या आकड्यांवर बसवून बघा:

१२ व्होल्टला कमाल उंची ५ मीटर.
९ व्होल्ट म्हणजे ०.७५ पट वेग. उंची ५ गुणिले ०.५६, म्हणजे २.८ मीटर. तुमचा चढ १.६, वर १.२ मीटरची ताकद उरते. पाणी येईल.
८ व्होल्टला २.२ मीटर. प्रवाह बारीक होईल.
६.८ व्होल्टला १.६ मीटर. इथं पंप फिरतोय, आवाज येतोय, आणि चॅनेलमध्ये थेंब नाही.

शेवटची अवस्था सगळ्यात वाईट. पंप चालू आहे असं बघणाऱ्याला वाटतं आणि मुळं वाळतात. टाकीची पातळी रोज खाली जाते, तेवढा चढ वाढतो, हेही धरा. सकाळी भरलेल्या टाकीवर चालणारं सेटिंग संध्याकाळी बंद पडू शकतं. म्हणून मोजमाप टाकी सगळ्यात खाली असताना करायचं.

माझा अंदाज, ९ व्होल्टला तुम्हाला मिनिटाला साडेसहा लिटरच्या आसपास मिळेल. पाइपचं घर्षण धरलं की थोडं कमी. बादली आणि घड्याळ घेऊन मोजा, लेबलवर विश्वास ठेवू नका.

हिंडलगा_वायरमन
बॅटरीचा हिशोबही मांडूया. १२ व्होल्टला १.१५ अँपिअर म्हणजे जवळजवळ १४ वॅट, दिवसाला सुमारे ३३० वॅट-तास. ९ व्होल्टला ६.१ वॅट, बकची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून ७.२ वॅट, दिवसाला १७३ वॅट-तास. ४२ अँपिअर-तासाच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून टिकाऊपणासाठी अर्धंच काढायचं, म्हणजे २५० वॅट-तास. पूर्वी १८ तास चालायचा तो पंप आता ३४-३५ तास चालेल. वेग चौथ्या हिश्श्यानं कमी आणि बॅटरी जवळजवळ दुप्पट.

नर्सरीवाली_निपाणी
ह्या सगळ्यापेक्षा पंपाच्या तोंडाला टी लावून अर्धं पाणी टाकीत परत सोडलं तर नाही का चालत? बॉल व्हॉल्व्ह फिरवला की झालं. टाकीत पडणाऱ्या पाण्यानं हवाही मिसळते.

चिकोडी_सोलर
चालतं की ताई, आणि लाईटवर चालणाऱ्या सेटला मी तेच सुचवेन. साधं आहे, मुळांना ऑक्सिजनही मिळतो. पण बायपासमध्ये पंप पूर्ण वेगानं फिरतो आणि वीज पूर्ण खातो. खानापूरकरांची अडचण बॅटरीची आहे, त्यामुळं त्यांना उपयोग नाही.

एक जपा. व्हॉल्व्ह दाबायचा असेल तर नेहमी पंपाच्या पुढच्या बाजूला. सक्शनच्या बाजूनं दाबला तर आत पोकळी तयार होते, खडखड आवाज येतो आणि इम्पेलर खराब होतो. पुढं दाबला तर उलट करंट कमीच होतो.

सर्किट_अक्का
बकबद्दल लिहिते. एलएम२५९६ चं तयार मॉड्यूल ह्या कामाला पुरतं. त्याच्यावर ३ अँपिअर लिहिलेलं असतं, हीटसिंकशिवाय दीड-दोनच्या वर नेऊ नये, तुमचा ०.७ निवांत. जास्त मोठा पंप असेल तर एक्सएल४०१५. फार स्वस्त मॉड्यूलवर एलएम२५९६ च्या नावाखाली दुसराच आयसी असतो. खरा १५० किलोहर्ट्झवर चालतो, हे ५० च्या आसपास. कॉइल लवकर गरम होते आणि आउटपुटला लहरी जास्त. अर्धा अँपिअर घेताना कॉइलला बोट टिकत नसेल तर ते मॉड्यूल परत करा. आउटपुटला ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा लो-ईएसआर कपॅसिटर जोडलेला बरा.

लक्षात ठेवा, बक व्होल्टेज उतरवतोच, आणि त्याला स्वतःला एक-सव्वा व्होल्ट लागतो. बॅटरी ११.८ ला असेल तर साडेदहाच्या वर आउटपुट मिळणार नाही. तुम्हाला ९ पाहिजे, त्यामुळं अडत नाही.

मॉड्यूलवर पितळी स्क्रूचा निळा ट्रिमर असतो, त्यानं आउटपुटचा व्होल्टेज ठरतो. तो काढून त्या जागी बाहेरून नॉबनं फिरवता येणारा पॉट (कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) लावतात.

हिंडलगा_वायरमन
अक्का, ट्रिमरच्या जागी सरळ १० के (किलो-ओहम) चा पॉट जोडला तर?

सर्किट_अक्का
सगळे तसंच करतात आणि त्यातच पंप जातात. कारण सांगते.

बकच्या फीडबॅक पिनला (आउटपुट किती आहे ते आयसी जिथं बघतो ती पिन) १.२३ व्होल्ट लागतो. आउटपुटपासून फीडबॅकपर्यंत एक रेझिस्टर, फीडबॅकपासून ग्राउंडपर्यंत दुसरा. आउटपुट बरोबर १.२३ गुणिले (१ अधिक वरचा भागिले खालचा). मॉड्यूलवर ट्रिमर वरच्या जागी असतो. वरचा रेझिस्टर मोकळा झाला, म्हणजे पॉटची वायर सुटली किंवा घासलेल्या जागी वायपर उचलला, तर फीडबॅकला काहीच पोचत नाही. आयसीला वाटतं आउटपुट शून्य आहे, आणि तो इनपुटचा जवळजवळ सगळा व्होल्टेज पुढं ढकलतो. बॅटरीवर एक वेळ निभावेल, पण इनपुटला १८-२० व्होल्टचं पॅनल असेल तर पंप गेला.

म्हणून पॉट खालच्या जागी घाला. तिथं काही सुटलं तर आउटपुट १.२३ व्होल्टवर येऊन बसतो. पंप थांबेल, जळणार नाही.

किमती अशा:
वर, आउटपुट ते फीडबॅक: १० के, एक टक्का.
खाली, फीडबॅक ते ग्राउंड: १.२ के आणि त्याच्या सिरीजमध्ये १ के चा पॉट. मॉड्यूलवर खाली आधी असलेला छोटा रेझिस्टर काढून टाकायचा.

पॉट शून्यावर असताना ११.५ व्होल्ट, पूर्ण फिरवल्यावर ६.८. पॉटचं मधलं टोक कडेच्या एका टोकाला जोडून ठेवा, म्हणजे वायपर उचलला तरी पूर्ण १ के मध्ये राहतो.

आता वर चिकोडीच्या अण्णांनी दाखवलंय की ६.८ ला तुमचं पाणी थांबतं. तिथवर नॉब जाऊच नये म्हणून पॉटच्या दोन टोकांवर २.२ के समांतर लावा. मग खालची हद्द पावणेआठ व्होल्टची होते. मजुरानं नॉब कुठंही फिरवला तरी पाणी बंद होणार नाही.

खानापूर_नर्सरी
हे फार कामाचं सांगितलात अक्का. एक शंका. लाईट गेली, बॅटरी कापली गेली आणि परत आली, तर पंप ९ व्होल्टला आपोआप सुरू होईल का? तिथं रात्री कोणी नसतं.

चिकोडी_सोलर
फिरत असलेला पंप ज्या व्होल्टेजला टिकतो त्याच व्होल्टेजला थांबलेला पंप सुरू होईलच असं नाही. रोटरला गाळ चिकटला असेल तर आणखी अवघड. म्हणून ठरवलेल्या सेटिंगवर वीस वेळा बंद-चालू करा, प्रत्येक वेळी मध्ये दहा सेकंद थांबून. वीसही वेळा सुरू झाला तर ठीक. एकदाही अडला तर अर्धा व्होल्ट वर घ्या आणि पुन्हा वीस वेळा. बहुतेक पंपांत रोटर अडला की ड्रायव्हर काही सेकंद थांबून परत प्रयत्न करतो, पण त्याच्या भरवशावर पीक ठेवू नये.

मायक्रोकंट्रोलर वापरणारे पहिले दोन सेकंद पूर्ण व्होल्टेज देऊन मग खाली येतात. ते सगळ्यात खात्रीचं.

हिंडलगा_वायरमन
वायरची जाडी विसरू नका. बॅटरी घरात आणि टाकी १५ मीटरवर असली तर जाऊन-येऊन ३० मीटर तांबं होतं. अर्धा चौरस मिमीच्या वायरीत एवढ्या अंतरावर सव्वा ओहमच्या आसपास; १ अँपिअरला सव्वा व्होल्ट वाटेतच जातो आणि सुरू होतानाच्या झटक्याला त्याच्या दुप्पट. दीड चौरस मिमीला ०.४ ओहम. दीडच घाला. व्होल्टेज बकच्या टोकाला नाही, पंपाच्या टोकाला मोजा, पंप चालू असताना.

फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ, २ अँपिअर. उलटी जोडणी झाली तर बक आणि पंप दोन्ही जातात, म्हणून बॅटरीच्या प्लसमध्ये १एन५८२२ डायोड (एकाच दिशेनं करंट जाऊ देणारा) घाला. अर्ध्या व्होल्टच्या आत खातो, तेवढं परवडतं.

उद्यमबाग_फिटर
धागा वाचायलोय, लई चांगली माहिती. आमच्या लेथला कूलंटसाठी असलाच २४ व्होल्टचा ब्रशलेस पंप लावून वेग कमी-जास्त केला तर चालंल का? कास्ट आयर्नचं काम असतं.

चिकोडी_सोलर
मामा, कास्ट आयर्नला नको. ह्या पंपाचा रोटर म्हणजे कायम चुंबक, आणि तो पाण्यातच फिरतो. पाणीच त्याचं वंगण. बिडाचा चुरा कूलंटमधून आला की चुंबकाला चिकटतो, रोटर आणि भिंतीमधल्या बारीक फटीत भरतो, सिरॅमिकची दांडी आणि बुश खातो आणि शेवटी जाम. गाळणी लावली तरी पीठ आत जातंच. तुमच्या कामाला उभ्या दांडीचा, मोटर वर कोरडी राहणारा कूलंट पंपच बरा. अ‍ॅल्युमिनियमच्या कामाला एक वेळ चालेल, तेही चांगल्या गाळणीनं.

खानापूरकर, तुम्हालाही हे थोडं लागू आहे. ओढ्याच्या वाळूतले काळे कण चुंबकाला चिकटतात, आणि तुमच्याकडची तांबडी माती पाण्यातून आली की चिकट गाळ बसतो. पंपाच्या तोंडाला स्पंजची गाळणी लावा, पंप तळापासून चार बोटं वर ठेवा आणि महिन्याला रोटर काढून धुवा. पुढचं झाकण फिरवून किंवा स्क्रू काढून निघतं. रोटर सरळ ओढा, वाकडा ओढला तर दांडी तुटते, ती काचेसारखी ठिसूळ असते. पांढरा थर असेल तर सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात अर्धा तास. ओ-रिंग परत खाचेत बसलीय का ते बघूनच झाकण लावा.

गणेशपूर_ईएसपी
माझ्याकडच्या पंपाला तीन वायरी आहेत, लाल, काळी, पिवळी. पिवळीवर पीडब्ल्यूएम द्यायचा ना?

सर्किट_अक्का
आधी ओळखा. तिसरी वायर वेग सांगणारी असू शकते, वेग घेणारीही असू शकते, आणि रंगावर काहीच ठरत नाही. पिवळीला १० के नं ५ व्होल्टला जोडा आणि पंप पाण्यात चालू ठेवून मीटर लावा. व्होल्टेज मधेच, अडीचच्या आसपास दिसला आणि मीटरच्या फ्रिक्वेन्सी रेंजवर आकडा आला तर ती वेग सांगणारी. तिच्यावर काही द्यायचं नाही. आकडा नाही आला तर १ के चा रेझिस्टर मध्ये घालून पिवळी ग्राउंडला लावा. पंप थांबला किंवा मंदावला तर ती वेग घेणारी.

घेणारी असेल तर दोन जाती. एकीला ० ते ५ व्होल्टचा सपाट व्होल्टेज लागतो, तिथं ५ व्होल्टवर १० के चा पॉट पुरतो. दुसरीला पीडब्ल्यूएम. संगणकाच्या वॉटर कूलिंगच्या चार वायरींच्या पंपांना २५ किलोहर्ट्झ लागतो आणि सिग्नल ओपन-कलेक्टर द्यायचा असतो, म्हणजे ईएसपी३२ (मायक्रोकंट्रोलर बोर्ड) च्या पिननं एक लहान एनपीएन ट्रान्झिस्टर चालवायचा आणि त्याचा कलेक्टर सिग्नल वायरीला. ट्रान्झिस्टर उलटं करतो, त्यामुळं कोडमध्ये ड्युटी (पल्स किती टक्के वेळ चालू राहते ते) शंभरातून वजा करा. ग्राउंड दोघांचं एकच पाहिजे. निम्म्या तक्रारी तिथंच असतात.

आर्डुइनो उनो वापरत असाल तर साधा अ‍ॅनालॉगराइट चालत नाही, ९ आणि १० नंबरच्या पिनवर तो ४९० हर्ट्झ देतो. टायमर १ फेज-करेक्ट मोडमध्ये घ्या, प्रीस्केलर १, वरची मर्यादा ३२०. १६ मेगाहर्ट्झ भागिले दोनदा ३२०, बरोबर २५ किलोहर्ट्झ. ईएसपी३२ ला ही कसरत नाही, फ्रिक्वेन्सी सरळ सांगता येते.

सिग्नलची वायर तुटली तर पंप काय करतो तेही आधी बघून ठेवा. काही पूर्ण वेगानं जातात, काही थांबतात.

गणेशपूर_ईएसपी
धन्यवाद अक्का. आणि टाकी रिकामी झाली तर पंप बंद करायचा असेल तर? फ्लोट स्विच सारखा अडकतो.

चिकोडी_सोलर
करंट बघा. कोरडा फिरणारा पंप पाण्यातल्या करंटच्या निम्म्याहून खाली येतो, कारण ढकलायला पाणीच नाही. आयएनए२१९ चं करंट मोजायचं मॉड्यूल प्लसमध्ये घाला, २६ व्होल्ट आणि ३.२ अँपिअरपर्यंत मोजतं. तुमच्या सेटिंगवर पाण्यातला आणि कोरडा असे दोन्ही आकडे घ्या, कोरडा आकडा पाच सेकंदांत उरका, आणि मध्यावर मर्यादा ठेवा. सुरू झाल्यावर पहिले पाच सेकंद दुर्लक्ष करा, नाहीतर पाइपातली हवा निघायच्या आतच बंद करेल. मर्यादेखाली तीन सेकंद राहिला की बंद. वेग बदलला की मर्यादाही बदलते, एकच आकडा सगळीकडं लावू नका.

हे सगळ्यांनीच करण्यासारखं आहे. पाणी हेच वंगण असल्यानं कोरडा पंप आतून घासत राहतो, आणि आवाज येईपर्यंत बुश गेलेला असतो.

नर्सरीवाली_निपाणी
सोलर पॅनलवर सरळ, बॅटरीशिवाय चालेल का?

चिकोडी_सोलर
१२ व्होल्टचं म्हणून विकतात ते पॅनल मोकळं असताना २१-२२ व्होल्ट देतं, म्हणून बक पाहिजेच. एलएम२५९६ चं इनपुट ४० पर्यंत चालतं. अडचण ढगाळ वेळी येते. पंप सुरू व्हायला करंट मागतो, पॅनलचा व्होल्टेज कोसळतो, पंप थांबतो, व्होल्टेज परत चढतो, हे चक्र दिवसभर. पॅनल पंपाच्या वॅटच्या किमान तिप्पट घ्या आणि बकच्या इनपुटला २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर लावा; बरंच निवळतं. तंबाखूच्या तरवाला दिवसा पाणी द्यायला हे पुरेल ताई, पण एनएफटीला रात्रीही पाणी लागतं, तिथं बॅटरीशिवाय नको.

खानापूर_नर्सरी
१० के, १.२ के, पॉटवर २.२ के, सगळं बसवलं. टाकी सगळ्यात खाली असताना ९.१ व्होल्टला मिनिटाला ६.३ लिटर मिळालं. वीस वेळा बंद-चालू केलं, वीसही वेळा सुरू झाला. कॉइल कोमट. आता पॉट टाकीजवळ पाहिजे, बक घरात आहे. पॉटच्या वायरी १५ मीटर ओढल्या तर?

सर्किट_अक्का
नको. फीडबॅकची वायर अँटेनासारखी गोंधळ गोळा करते आणि बकचं आउटपुट डळमळतं. पॉट मॉड्यूलपासून दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत ठेवा. त्यापेक्षा अख्खा बकच टाकीजवळ न्या, लांबची वायर बॅटरी ते बक अशी राहू दे. तिथं करंट कमी असतो आणि वाटेत पडलेला व्होल्टेज बक सांभाळून घेतो. डबा आयपी६५ चा (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाणारा), ग्लँड (वायर आत घ्यायची घट्ट जागा) खालच्या बाजूला, आणि खतपाण्याचे तुषार उडतात त्या जागेपासून हातभर लांब. टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. खताच्या ओलाव्यानं तांबं हिरवं पडतं ते पहिल्यांदा तिथंच.

हिंडलगा_वायरमन
आणि फ्यूज मात्र बॅटरीजवळच राहू दे, डब्यात नेऊ नका. वायर मध्येच उंदरानं कुरतडली तर पेटणार ती घराकडची बाजू.